ढोलीचं पोट

मुलांनो, आधी थोडी कल्पना करू या. समजा, तुमचं सगळं अंग करंगळीच्या एका पेराएवढं आहे आणि पोट तुमच्याच एका डोळ्याएवढं. तुम्हाला हात नाहीत, म्हणजे दुखऱ्या पोटावर हात ठेवून कोणाला दाखवता येत नाही. आवाजही नाही. समोर जेवण येतं, तुम्ही खाता. पण तुमच्या पोटात कोणीतरी आधीच पाट मांडून बसलंय आणि तुमचा घास तेच फस्त करतंय. तुम्ही रोज जेवता आणि रोज वाळता. बघणारे म्हणतात, ‘खाते की चांगली, हिला काय धाड भरलीय?’

अशा वेळी तुम्ही काय कराल, ते मनात धरून ठेवा. तोवर मी ढोलीची गोष्ट सांगतो.

ढोली म्हणजे एक गप्पी मासा. अंगाने करडी, शेपटी नारिंगी. आणली तेव्हा पोटाने अशी गोल गरगरीत होती की मोहरीने तिथल्या तिथे तिचं नाव ढोली ठेवलं. मोहरी म्हणजे या गोष्टीतली मुलगी. तिचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण अंगाने एवढीशी आणि बोलायला लागली की तडतडायची, म्हणून घरात सगळे तिला मोहरीच म्हणायचे.

मोहरीच्या घरची खानावळ होती. बसथांब्यासमोर, कोपऱ्यावर. बाबा स्वयंपाक करायचे, आई वाढप आणि गल्ला सांभाळायची आणि आबा, म्हणजे बाबांचे वडील, भटारखान्याच्या दारात स्टुलावर बसून मटार सोलायचे. त्या खानावळीचा एकच नियम होता: इथून कोणी अर्ध्या पोटी उठायचं नाही. गिऱ्हाईक ‘पुरे’ म्हणालं तर बाबांना ऐकू यायचं नाही. एखाद्याने ताटावर हात आडवा धरला, तर ते बोटांच्या फटीतून वाढायचे.

हात धुवायच्या बेसिनशेजारी एका दगडी ओट्यावर माशांची काचपेटी होती. हात पुसता पुसता लोक तिथे घुटमळत. पेटीचं सगळं मोहरीकडे होतं. सकाळी चिमूटभर खाणं, आठवड्याला थोडं पाणी बदलणं, काचेवरचं शेवाळ पुसणं.

आणि ढोली वाळायला लागली. आधी पोट सपाट झालं, मग आत गेलं. बाजूने बघितलं की डोकं मोठं आणि मागे नुसती शेपटी. बाबांकडे यावर उपाय तयारच होता.

“जास्त घाल खायला.”

“घालते की. ती खाते आणि वाळते.”

“मग आणखी घाल.”

आणखी घातलं. पाणी तेवढं गढूळ झालं. त्यातच एक दिवस एक मासा मरून वर आला, आणि तोही नेमका जेवणाच्या गर्दीत. बेसिनपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने चूळ भरायला तोंडात घेतलेलं पाणी तसंच धरून ठेवलं.

आईने तो मासा गाळणीने उचलला आणि मोहरीला बाजूला घेतलं. “हे बघ, लोक इथे जेवायला येतात. मरणारं काही बघत कोणाला जेवण जात नाही. रविवारी सुतार येतोय. तोवर हे थांबलं नाही, तर पेटी काढायची आणि तिथे दोघांचं टेबल टाकायचं.”

“आणि यांचं काय?”

“कोणालातरी देऊ.”

“आजारी मासे कोण घेईल, आई?”

आई गाळणी धुवायला वळली. तिलाही ते ठाऊक होतं.

दुपारी खानावळीत एक डॉक्टरीणबाई जेवायला यायच्या. जनावरांच्या डॉक्टर. त्यांचा दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. अंगाला कधी कुत्र्याचा वास, कधी स्पिरिटचा, आणि बाह्यांवर कायम कोणाचे तरी केस. त्या दिवशी त्यांनी पहिला घास घेतला तोच मोहरी समोर येऊन बसली.

“डॉक्टरमावशी, मासा हे जनावर असतं का?”

“असतं. का गं?”

मोहरीने त्यांना पेटीपाशी नेलं. मावशींनी पिशवीतून भिंग काढलं आणि ढोलीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

“खाते?”

“खायची. आता तोंडात घेते आणि कधी कधी थुंकते.”

“आणि शी कशी करते?”

“पांढरी. लांब दोऱ्यासारखी. लोंबतच राहते,” मोहरी मोठ्याने म्हणाली. तिने ते रोज बघितलं होतं. मागच्या टेबलावरच्या बसड्रायव्हरने शेवयांच्या खिरीचा चमचा हळूच खाली ठेवला.

“शाबास,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “निम्मं काम केलंस. एक छोटी बाटली आण.”

तळाशी पडलेला तसला एक ताजा दोरा आणि थोडं पाणी त्यांनी बाटलीत घेतलं आणि संध्याकाळी मोहरीला दवाखान्यात बोलावलं. काचपट्टीवर थेंब ठेवला, वर पातळ काच ठेवली आणि तिला सूक्ष्मदर्शकापुढे उभं केलं. आधी मोहरीला नुसत्या स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग डोळा जागेवर बसला. पाण्यासारखे पारदर्शक ठिपके, आणि एकही एका जागी नाही. शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर पटांगण दिसतं, तसं.

“हे कोण आहेत?”

“परजीवी. दुसऱ्याच्या जिवावर जगणारे. ढोलीच्या आतड्यात राहतात.”

मोहरी मागे सरकली. “वाईट आहेत.”

“वाईट कसे? त्यांनाही पोट आहे. फक्त त्यांनी घर चुकीचं धरलंय, आणि संख्या इतकी वाढवलीय की घरच पडायला आलंय.”

“मग पाण्यात औषध टाका ना.”

“तुला तहान लागली की तू पाणी पितेस. गोड्या पाण्यातला मासा पितच नाही म्हटलं तरी चालेल. पाणी त्याच्या अंगातूनच आत झिरपत असतं; ते बाहेर टाकता टाकताच तो दमतो. म्हणून पाण्यातलं औषध आतड्यापर्यंत पोचतं ते अगदी थोडं. पोटातल्यांना गाठायचं तर पोटाच्याच वाटेने जायला हवं. घासातून.”

“आणि तिने घासच घेतला नाही तर?”

डॉक्टरीणबाईंनी काच पुसली. “म्हणून तर घाई. अजून ती तोंड उघडतेय. एकदा का तोंड मिटलं, की माझं औषध डबीतच राहील.”

त्यांनी तराजूवर पांढरी पूड तोलून पुड्या बांधल्या आणि बजावलं: एका बशीला एक पुडी, मनाने कमीजास्त करायचं नाही. खाणं सगळ्यांनाच द्यायचं, कारण पाणी सगळ्यांचं एक. “आणि औषध कडू असतं. भरल्या पोटी कडू कोण खाईल? तेव्हा उद्या दिवसभर पेटीत काहीही पडता कामा नये. परवा सकाळी औषध. घाबरू नकोस, मासे एवढं सहज काढतात.”

बाबांनी ते काम मोठ्या उत्साहाने हाती घेतलं. मटार उकडून सालं काढून वाटले, त्यात माशांच्या खाण्याची भुकटी घातली, वडी घट्ट व्हावी म्हणून चायना ग्रास विरघळवून ओतलं.

“मीठ?”

“नाही, बाबा.”

“चिमूटभर?”

“बाबा.”

मिश्रण कोमट झाल्यावर मोहरीने पुडी सोडली, कारण उकळत्यात औषधाचा जोर जातो असं डॉक्टरमावशींनी सांगितलं होतं. बाबांनी ढवळलं आणि जन्माच्या सवयीने चमचा ओठांकडे नेला. मोहरीने वरच्यावर मनगट धरलं. आबा स्टुलावरून म्हणाले, “चाखू दे गं. त्याच्याही पोटात काहीतरी आहेच. एवढं खातो, जातं कुठे?” बशीत थापलेला तो हिरवा थर थंड करून फ्रिजमध्ये ठेवला.

उपाशी ठेवायच्या दिवशी मोहरीने शाळेला जाण्याआधी जाड पेनाने पाटी लिहिली आणि काचेवर चिकटवली: ‘आज माशांना काही देऊ नका. त्यांना उपाशी ठेवलं आहे.’

पाटी स्वच्छ होती, अक्षर वळणदार होतं, मजकूर खरा होता. पण मुलांनो, ती पाटी लागली कुठे होती, ते विसरू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहरीने हिरव्या वडीचे बारीक कण केले आणि टाचणीच्या टोकाने पाण्यात सोडले. मासे आले. हुंगल्यासारखं केलं. एकाने तोंडात घेतलं, थुंकलं आणि वळला. बाकीचे त्याच्यामागे वळले. ढोली रोपाच्या आडून थोडी पुढे आली, रिकाम्या पाण्याकडे बघितलं आणि परत गेली. कण तळाशी जाऊन बसले.

मोहरीने तासभर वाट पाहिली. मग पातळ नळीने ते कण ओढून काढले आणि बेसिनपाशी तोंड फिरवून उभी राहिली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, पेटीपाशी वाकल्या. भिंगातून एकेक मासा बघितला.

“मोहरे, हे सगळे जेवून बसलेत.”

“नाही. काल पाटी लावली होती.”

“पोटं बघ ना. टम्म आहेत. कोणीतरी वाढलंय यांना.”

आबा मटाराच्या रिकाम्या शेंगा पुन्हा सोलायला लागले.

“आबा?”

“पावाचा चुरा होता,” आबा म्हणाले. “बोटाला लागला होता.”

“बोटाला लागलेला चुरा उडून पेटीत जातो का?” बाबांनी भटारखान्यातून विचारलं.

“तू बोलू नकोस. तुझं तू सांग.”

बाबा पळी घेऊन बाहेर आले. “मी भाताचं शीत टाकलं. एकच. तेही कुस्करून.”

कोपऱ्यातल्या बसड्रायव्हरने वर्गात करतात तसा हात वर केला. “मीपण थोडं. पाटी वाचली आणि घास उतरेना. म्हटलं, कोणीच देत नाहीये.”

मग सगळ्यांनी आईकडे बघितलं. ती पेपर नॅपकिनच्या घड्या घालत होती, आधीच घातलेल्या घड्या मोडून.

“माझ्याकडे काय बघताय?” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “अंड्याचा बलक होता जरासा. टाकूनच द्यायचा होता.”

“तू?” बाबा म्हणाले. “तुला तर ही पेटीच नको होती.”

“पेटी नको म्हणाले. उपाशी ठेवा असं कधी म्हणाले?”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. “प्रत्येकाने एकेकच घास दिला. पण यांचं पोट केवढं, डोळ्याएवढं. तुम्ही यांना चार वेळा जेवायला बसवलंत.”

मोहरी हसली नाही. “ढोलीनेही खाल्लं?”

मावशींनी पुन्हा वाकून पाहिलं. “नाही. तिचं पोट तसंच आत आहे. दांडग्यांनी तिच्यापर्यंत काही जाऊच दिलं नाही.”

“मग तिला भूक असेल ना? तिने औषध का नाही घेतलं?”

याचं उत्तर बाबांनी दिलं. “एकटी कशी खाईल? आपल्याकडे कोपऱ्यात एकटं माणूस बसलं की अर्धं ताट टाकतं. तेच भरल्या टेबलावर बसव, चाटूनपुसून जेवतं. शेजारचा खातो, म्हणून आपला हात चालतो.”

“माशांचं बरंचसं तसंच असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तेव्हा बाकीच्यांना भूक लागायला हवी. आजचा दिवस पुन्हा रिकामा ठेवा.”

“आणखी एक दिवस ढोली काढेल?”

मोठी माणसं अशा वेळी ‘काढेल की’ म्हणून मोकळी होतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “माहीत नाही गं. काढावा.”

मोहरीने पाटी काढून घेतली आणि आबांसमोर मटाराच्या ढिगाशी बसली. तिला राग आला होता. नवी पाटी मोठ्या अक्षरात लिहावी, खाली दोन रेघा माराव्यात, असं मनात आलं.

“आबा, तुम्हाला वाचता येत नाही का?”

“वाचलं म्हणून तर दिलं,” आबा म्हणाले. “एरवी माझं लक्षही नसतं पेटीकडे. ‘उपाशी’ हा शब्द वाचला आणि हात आपोआप गेला. तू म्हणजे हात दाखवून अवलक्षण केलंस बघ.”

मोहरी मटाराचा दाणा बोटांत फिरवत राहिली. या घरात ‘देऊ नका’ असं कोणाला सांगून उपयोग नाही, हे तिच्या लक्षात आलं. बाबांच्या हातातून पळी काढली तर ते हाताने वाढतील. रागावलं तर पाठ फिरवून देतील. तिने पेन उघडलं आणि पाटीच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ‘आमची पंगत उद्या सकाळी आहे. वाढायला यावं.’

संध्याकाळी बाबा बेसिनपाशी आले. बोटाच्या टोकावर शीत होतं. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली.

“सकाळी म्हणजे केव्हा?”

“डॉक्टरमावशी येतील तेव्हा. पण तोवर कोणी आधी वाढलं, तर पंगत मोडेल.”

“छे, पंगत कशी मोडू देईन?” बाबा म्हणाले आणि त्यांनी हात पुसला. आईनेही जाता येता पाटी वाचली. ड्रायव्हर पाव घेऊन उठला तसं तिने त्याला खुणेनेच खाली बसवलं.

सकाळी सगळे पेटीभोवती जमले. ड्रायव्हर गणवेशातच आला होता. मासे काचेला नाकं लावून वरखाली करत होते. पोटात कावळे ओरडत असल्यासारखी त्यांची तगमग चालली होती. मोहरीने प्रत्येकाच्या हातात एक दातकोरणी दिली, टोकाला एकेक हिरवा कण.

आबांनी पहिला सोडला. एका दांडग्याने तो झडप घालून घेतला, थुंकला, पुन्हा घेतला आणि या वेळी गिळला. मग झुंबडच उडाली. बाबांचा कण पाण्याला लागायच्या आत गेला. रोपाची पानं हलली आणि ढोली बाहेर आली. मध्ये थांबली, इतरांच्या चालणाऱ्या तोंडांकडे तोंड करून. ड्रायव्हरच्या कणाकडे सरकली, तोंडात घेतला आणि थुंकला.

ड्रायव्हरने दातकोरणी मागे घेतली.

आई पुढे झाली. तिने गर्दीपासून दूर, ढोलीच्या अगदी पुढ्यात आपली दातकोरणी हलकेच बुडवली. आजारी माणसाला चमच्याने भरवताना धरतो, तशी. ढोलीने कण घेतला. कल्ले दोनदा हलले. कण बाहेर येईल म्हणून सगळे वाकून बघत राहिले. तो बाहेर आला नाही.

भटारखान्यातून करपल्याचा वास आला, तरी बाबा हलले नाहीत. ते दुसऱ्या कणाकडे हात नेत होते. मोहरीने कणांच्या डबीचं झाकण लावलं.

“तिला अजून हवंय,” बाबा म्हणाले.

“तिला नाही बाबा, तुम्हाला हवंय.”

डॉक्टरीणबाईंनी भिंग पिशवीत न ठेवता मोहरीच्या हातात दिलं. “हे राहू दे तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या.

मग रोज सकाळी पंगत बसायला लागली. रोज मोहरी नळीने तळ स्वच्छ करायची आणि आबा बादली धरायचे, कारण पोटातून बाहेर पडलेले पाहुणे तळाशी राहिले, तर मासे तिथे तोंड घालतात आणि ते पुन्हा आत जातात. “आयत्या बिळावर नागोबा,” आबा बादलीकडे बघून म्हणायचे, “निघा आता.”

सगळं छान छान झालं असं मात्र नाही. फाटक्या शेपटीचा एक म्हातारा मासा मधेच गेला. त्याचं तोंड आधीच मिटलं होतं. मोहरीने त्याला खिडकीतल्या कुंडीत पुरलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दर वेळी आपण वेळेवर पोचतोच असं नाही. मोहरी त्या दिवशी फारशी तडतडली नाही.

रविवारी सुतार फूटपट्टी घेऊन आला. आई त्याला बेसिनपाशी घेऊन गेली, थोडा वेळ ओट्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आलाच आहात तर कोपऱ्यातल्या टेबलाचा पाय डगमगतोय, तेवढा ठोकून द्या.”

पुढे एका दुपारी, खानावळ भरलेली असताना, मोहरी बेसिनपाशी ओरडली, “तपकिरी झाली.” काय तपकिरी झालं, हे नेहमीच्या मंडळींना विचारावं लागलं नाही. ड्रायव्हरने टेबल वाजवलं. एका नवख्या गिऱ्हाइकाने शेजाऱ्याला विचारलं आणि उत्तर ऐकून भाजी बाजूला सारली. बाबांनी त्याला नवी वाढली.

औषधाची पहिली फेरी संपली. थोडे दिवस थांबून दुसरी झाली, आणि ढोलीच्या पोटाला पुन्हा गोलाई आली. पूर्वीची ढोली नाही, पण बाजूने बघितल्यावर मासा दिसेल एवढी.

त्यानंतरची एक दुपार. गर्दी ओसरली होती, बाबा घोरत होते, आबा पेंगत होते. मोहरी शाळेतून आली, तर आई बेसिनपाशी पाठमोरी उभी. डावा हात काचेवर, उजव्या हाताची मूठ मिटलेली. मोहरीला मूठ उघडून बघायची गरज नव्हती. उकडलेल्या अंड्यांची टोपली जवळच होती.

मोहरीने दप्तर ठेवलं. आबांच्या शेजारचं रिकामं स्टूल उचलून आणलं, आईला त्यावर बसवलं आणि तिच्या डाव्या हातात भिंग दिलं.

“आधी पोट बघ,” ती म्हणाली.

आईने भिंग डोळ्याला लावलं. ढोली काचेपाशी आली आणि भिंगात एवढी मोठी झाली की आई जराशी मागे सरली. तिने खूप वेळ बघितलं.

“भरलेलं आहे,” ती शेवटी म्हणाली, जरा ओशाळून. मूठ मात्र मिटलेलीच होती.

मोहरीने ती मूठ एकेक बोट करून उघडली, आतला बलकाचा पिवळा तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.